कंडक्टरच्या हवाली

शनवार आला की सकाळपसूनच मला भेव वाटाया लागते. पोरगी शाळेतून येते, दप्तर फेकते, आन मी तिची खो-खोची पिशवी भरत आसते, तं एक एक वस्तू दोन-दोन डाव काढून पुन्ना घालते. पिशवीत काय आसते, तं चड्डी, टी-शर्ट, टावेल, गुडघ्याला बांधायची पट्टी आन शेंगदान्याचे लाडू. याच्यात भ्यायासारखं काय हाय? पन ती पिशवी घेऊन पोरगी तिच्या बापाकडं जाते, आन ऐतवारी परत येते का न्हाई ते माह्या हातात नसते.

आमची फारकत झाली. मी माहेरी राहते, वारंगा फाट्याच्या जवळच आमचं गाव हाय. पोरीचे पप्पा हिंगोलीत राहतेत, तिथल्या धान्याच्या मोंढ्यात टेम्पो चालवतेत. त्याहिचं नाव मी कधी घेतलं न्हाई, नवऱ्याचं नाव कोन घेते, आन आता 'आमचे हे' बी म्हनता येत न्हाई, म्हनून मी 'पोरीचे पप्पा' म्हनते. तोंडावर बोलायचं आलं तं आजून बी 'तुमी'च निंघते. फारकत कागदावर झाली, जिभेला कोन सांगन.

माही नववीत शाळा सुटली, अठरा भरले तसं लगन झालं, मंग पोरगी झाली, मंग हे झालं. सगळं जल्दी जल्दी झालं. माह्या बोलन्याला बी म्हनून दम न्हाई, माही माय म्हनते तू श्वास कवा घेतीस.

कोर्टात समझोता करायच्या टायमाला एक मॅडम होत्या. त्याहिनं सगळं इचारलं, पोरगी कोनाजवळ, शाळा कुठं. पोरगी माह्याजवळ राहीन हे दोघायनं बी कबूल केलं. मंग पोरीचे पप्पा म्हनले, मॅडम, खो-खोचं काय? मॅडमला समजलं न्हाई. मंग पोरीच्या पप्पानं सांगलं, की पोरगी लई चपळ हाय, शाळेतले सर म्हनतेत हिला शनवार-ऐतवार हिंगोलीच्या ग्राउंडवर आना, तिथं चांगल्या पोरी खेळतेत. बूट मी घेईन, ग्राउंडवर मी नेईन, पन धाडायचं काम हिचं.

मी म्हनलं, धाडीन. पन पोरगी टेम्पोत बसनार न्हाई.

मॅडम म्हनल्या, काहून?

मी पोरीच्या पप्पाकडं पाह्यलं न्हाई, खाली फरशीकडं पाहूनच सांगलं. आमचं भांडन लई वाढलं होतं तवा एकदा त्याहिनं पोरीला शाळेतूनच टेम्पोत घातलं, आन कनेरगाव नाक्याकडं त्याहिच्या बहिनीच्या घरी घेऊन गेले. मला सांगलं न्हाई. फोन बंद. दोन दिवस मला पोरगी जिती हाय का मेली ते ठाव नव्हतं. ते दोन दिवस मी कशी राह्यले ते मलाच ठाव न्हाई, चुलीवर भाकर तशीच करपून जायची आन मी पाहत बसायची. पोरगी आली तं हसत आली, आत्यानं तिला बांगड्या भरल्या होत्या. पन मला तवापसून टेम्पोचा आवाज आला तरी मी हातातलं टाकून दारात येते, कोनाचा बी टेम्पो आसो.

म्हनून मी म्हनलं, यस्टीनं जाईन, यस्टीनं येईन. यस्टीत चाळीस मानसं आसतेत, एवढ्यायच्या डोळ्यासमोरून लेकरू कुठं पळवतीन.

पोरीच्या पप्पानं मान खाली घालून 'बरं' म्हनलं.

आमच्याकडं कंडक्टरच्या हवाली काय बी करतेत. कालेजातल्या पोराचा डबा, दवाखान्यातल्या मानसाचं स्वेटर, म्हातारी मानसं, लेकरं. 'मास्तर, हिंगोलीत उतरवा, बाप येईन घ्यायला,' आसं म्हनलं का झालं. मास्तर तिकिटं फाडत फाडत 'हव' म्हनते, आन लेकराला आपल्या बाजूला बसवून घेते. तसंच मी दर शनवारी करायची. फाट्यावर चहाचं हॉटेल हाय, तिथली मावशी माह्या ओळखीची झाल्ती, गाडी येईपोस्तर आमी तिथं बसायचो. पोरगी गाडीत चढायची, मास्तरच्या शीटवर बसायची, खिडकीतून हात हलवायची. हिंगोलीत तिचे पप्पा उतरवून घ्यायचे आन मला एक रिंग द्यायचे. ऐतवारी त्याहिनं गाडीत बसवली का पुन्ना एक रिंग, आन मी फाट्याला जाऊन उभी राहायची. बोलनं न्हाई. बोललं का भांडन होते, म्हनून रिंग.

बोलायचं काम पिशवी करायची. लाडू तसेच परत आले का मी समजायची, त्याहिनं बाहेरचं खाऊ घातलं. मंग मी पुढच्या शनवारी डबल लाडू घालायची. टी-शर्ट धुतलेला आसायचा, पन न पिळलेला, त्याच्यानं पट्टी बी ओली व्हायची. एकदा पोरगी नवे बूट घालून आली, आन जुने पिशवीत. म्या जुने धुऊन पुन्ना पाठवले, तं ते पुन्ना माह्याकडं आले. आसे ते बूट चार-पाच डाव हिंगोली-वारंगा करून राह्यले, कोनीच ठेवून घेईना.

माही माय दर शनवारी म्हनायची, "धाडू नको त्याच्याकडं. एखाद्या दिशी ठेवून घेईन, मंग बोंबलत बसशीन."

"कोर्टानं सांगलं हाय माय."

"कोर्ट येनार हाय का तुह्यासंगं कनेरगावला, धुंडायला?"

पोरगी मधीच बोलायची, "आजी, तू भेतीस तं मम्मी बी भेते. मी न्हाई भेत. मास्तर काका मला तिकिटाची मशीन दाबू देतेत."

ती नऊ वर्षांची हाय. तिला कशाचंच भेव न्हाई, याचंच मला लई भेव वाटते.

तो ऐतवार आला. थंडीचे दिवस होते, दुपार कलून चालली होती. रिंग आली. मी लुगडं बदलून ऑटोनं फाट्याला गेले. गाडी टायमावर आली पन लई भरून आली, कुठल्यातरी लग्नाची मानसं होती, दरवाज्यातच बाया लटकलेल्या. काही उतरल्या, काही चढल्या. मी खालूनच पाहून राहिले, मास्तरच्या शीटवर पोरगी दिसंना. तिथं मास्तरची बॅग होती आन एक बाई तान्हं लेकरू घेऊन बसली होती.

मी दरवाज्याजवळ जाऊन इचारलं, "मास्तर, माही पोरगी?"

"कोनती पोरगी?"

"हिंगोलीहून बसवली तिच्या बापानं. तुमच्या हवाली."

"माह्या हवाली कोनी काही केलं न्हाई, बाई. सरका, सरका मागं." त्यानं घंटी मारली. गाडी गेली.

मी तिथंच उभी. गाडी गेली त्याचा धूर माह्या तोंडावर आला, तरी मी हलले न्हाई. माह्या मनात दुसरं काही आलंच न्हाई, एकच आलं, की झालं, ज्याचं भेव होतं ते झालं. ठेवून घेतली. कनेरगावला नेली. रिंग देली म्हंजे मला फाट्यावर उभं करायला देली, तितक्यात दूर जायला मिळते ना. मी एवढं सगळं एका दमात समजून घेतलं, जसं काही मला कोनी आधीच सांगून ठेवलं होतं.

फोन लावला. घंटी जाते, उचलत न्हाई. पुन्ना लावला. पुन्ना. मधीच कोन्या नव्या नंबरचा फोन आला, मी कापला. मला नवा नंबर काय करायचा, मला तिच्या बापाचा पाहिजे होता. आजून एकदा तोच नंबर आला, आजून कापला.

हॉटेलातली मावशी बाहेर आली, "काय झालं व? तोंड काहून आसं झालं?"

"पोरगी न्हाई आली मावशी."

"रिंग आल्ती ना?"

"आल्ती."

"मंग?"

"रिंग तं खोटी बी देता येते."

मावशीनं मला बाकड्यावर बसवलं, पानी देलं. तिचा नवरा भट्टीजवळून म्हनला, "बाई, पोलिसात जाय. टाइम घालवू नको."

पोलिसाचं नाव काढलं तं मी गिलास तोंडाला लावला. मी काय सांगू पोलिसाला, मला नीट बोलता बी येत न्हाई, आन बोलले तरी ते म्हनतीन बापानंच नेली ना, चोरानं तं न्हाई. आन समजा केस झाली, तं पोरगी आली तरी मंग खो-खो बंद, बापाकडं जानं बंद, आन पोरगी मोठी झाली का मला म्हनन तूच तोडलं. हे सगळं मी पानी पिऊस्तर इचार करून राहिले.

पुन्ना फोन लावला. या टायमाला उचलला.

"पोरगी कुठं हाय?" मी म्हनलं.

तिकडून टेम्पोचा आवाज येऊन राह्यला होता.

"म्हंजे? गाडीत बसवली ना. रिंग देली तुला."

"गाडी आली. पोरगी न्हाई."

"आगं मी सोता बसवली, मास्तरच्या बाजूला. मिशीवाला मास्तर, नेहमीचा."

"या मास्तरला मिशी नव्हती."

टेम्पोचा आवाज कमी झाला, बाजूला घेतला आसंन. मंग म्हनले, "कळमनुरीत डूटी बदलली आसंन. त्यानं या नव्याला सांगलं नसंन. तू गाडीत चढून पाह्यलं का?"

मी गाडी गेली त्या रस्त्याकडं पाह्यलं.

"चढून पाह्यलं का गाडीत, मागच्या शिटापोस्तर?"

"न्हाई."

"तिथंच थांब. मी बाळापुरात हाय. येऊन राहिलो."

फोन ठेवला. म्हंजे पोरगी गाडीत होती. मी दरवाज्यात उभी राहून इचारून राहिले होते आन पोरगी आतमधी होती, आन ती गाडी आता नांदेडला चालली होती, ऐतवारची, लग्नाची गर्दी, आन नांदेडचा स्टँड केवढा मोठा. एक लेकरू उतरलं तं कोनाच्या ध्यानात बी येनार न्हाई. मघाशी मला तिच्या बापाचं भेव होतं. बापाचं भेव बरं होतं आसं वाटाया लागलं. बाप तरी ओळखीचा होता.

टेम्पो आला. सगळा फाटा मला ओळखते, माही फारकत झाली ते बी ओळखते. पानटपरीवाले, ऑटोवाले, सगळे पाहून राह्यले. त्याहिनं आतून दरवाजा उघडला, म्हनले, "बस."

मी बसले. दुसरं काय करनार होते. मागून कोनीतरी म्हनलं, "जमलं वाटते पुन्ना," आन दुसरं कोनीतरी हसलं. मावशी त्याच्यावर वरडली तेवढं ऐकू आलं.

टेम्पोत ढेपीचा वास होता, पेंडीचे कट्टे होते मागं. मी खिडकीला चिकटून बसले, मधी दोघं बसतीन येवढी जागा सोडली. अर्धापूरचा रस्ता धरला. रस्ता चांगला झालाय आता, गाड्या सुसाट पळतेत, एक ट्रक बाजूनं गेला तं मी डोळे मिटून घेतले.

"हळू चालवा," मी म्हनलं.

थोड्या टायमानं म्हनलं, "जल्दी चालवा ना."

"हळू चालवू का जल्दी चालवू? एक सांग."

माह्या डोळ्यासमोर फक्त तिचे बूट येऊन राह्यले होते, नवेवाले, त्याची नाडी तिला आजून नीट बांधता येत न्हाई, सुटली का तशीच फिरते.

मंग मला ते सुचलं. एवढा वेळ सुचलं नव्हतं. म्हनलं, "तुमी बाळापुरात कसे? तुमी तं हिंगोलीत होते."

"पेंड टाकायला आल्तो. पोरीला गाडीत बसवलं आन गाडीच्या मागंच निंघालो."

"मंग इकडंच येऊन राह्यले होते तं टेम्पोतच काहून न्हाई आनलं तिला?"

त्याहिनं माह्याकडं पाह्यलं न्हाई, रस्त्याकडंच पाहत म्हनले, "तूच म्हनलीस ना मॅडमसमोर. टेम्पोत बसनार न्हाई म्हनून."

मी पदर तोंडात धरला. ते आजून काही बोलले आसते तं बरं झालं आसतं, भांडता तरी आलं आसतं. एक लाल गाडी आमच्या बाजूनं उलट्या दिशेनं हिंगोलीकडं गेली. मी तिच्याकडं पाह्यलं बी न्हाई, आमाला पुढची गाडी धरायची होती ना.

अर्धापूर जवळ आलं तवा माहा फोन वाजला. तोच नवा नंबर. मी कापाया लागले तं ते म्हनले, "उचल. कोन हाय पाह्य तं."

मी उचलला.

"बाई, तुमी फोन काहून कापून राहिल्या?" तिकडून गडीमानूस बोलून राह्यला. "मी कंडक्टर बोलतो. तुमची पोरगी तान्ह्या लेकराच्या बाईला जागा देऊन मागं गेल्ती, मागच्या शिटावर झोपेल होती, फाटा गेला तवा जागी झाली. तिनंच तुमचा नंबर सांगला, पाठ हाय तिला. मी दोन डाव लावला, तुमी कापला, मंग माह्या फोनमधली बॅटरीच गेली, आता नांदेडच्या स्टँडवर लावला चार्जिंगला."

"कुठं हाय ती? जरा देता का तिला?" मी इचारलं.

"माह्याजवळ न्हाई आता. अर्धापूरला हिंगोलीची गाडी उभीच होती, तिच्यात बसवली. त्या मास्तरच्या हवाली केली बराबर. फाट्यावर मम्मी उभी आसते म्हनली, तिथं उतरवा म्हनलं."

"ती रडून राह्यली होती का?"

"रडनं कुठलं बाई. मलाच खेकसून राह्यली, की मास्तर बदलला तं आधीच्यानं सांगायला नको का म्हने."

मी पोरीच्या पप्पाला सांगलं. फाट्यावर मम्मी उभी आसते. आन मम्मी तं इथं टेम्पोत बसून अर्धापूरला आली. त्याहिनं कचकन ब्रेक दाबला, मागून हॉर्न वाजले, तिथंच वळवला. ती लाल गाडी आमच्या बाजूनंच गेल्ती. म्हंजे माही पोरगी माह्यापसून एका हातावरून गेली, आन मी तोंडात पदर धरून बसले होते.

परतताना मी त्याहिला काहीच म्हनलं न्हाई, हळू बी न्हाई आन जल्दी बी न्हाई. मी फक्त इचार करून राहिले, की पोरगी उतरन, मी दिसनार न्हाई, ती काय करन. चालत गावाकडं निंघन. ती निंघनारच, तिला भेव कुठं हाय. आन त्या रस्त्यानं ट्रक कसे पळतेत. दिवस बुडत आल्ता, उसाच्या ट्राल्या बिगर लाईटच्या चालल्या होत्या. मी देवाला काय काय नवस बोलले ते सांगत न्हाई. आजून सगळं फेडून झालं न्हाई.

फाट्यावर आलो. गाडी येऊन गेल्ती. रस्त्यावर पोरगी न्हाई. बाकड्यावर न्हाई. मी चालत्या टेम्पोतूनच उतराया लागले, त्याहिनं माहा दंड धरला, "आगं थांबू दे तं," म्हनले. किती वर्सानं धरला आसंन, पन तवा ते काही वाटलं न्हाई, नंतर घरी गेल्यावर वाटलं.

हॉटेलाच्या आत, मावशीच्या पाठीमागं साखरेच्या पोत्यावर बसून पोरगी चहात टोस बुडवून खाऊन राह्यली होती. मला पाहून तिनं टोस खाली बी ठेवला न्हाई.

"कुठं गेल्ती तू? मी कवाची वाट पाहून राहिले," ती म्हनली.

मी तिला धरलं. इतकं जोरात धरलं का चहा सांडला दोघींवर.

"सोड ना मम्मी. पोळलं."

मावशी म्हनली, "तो मास्तर काही पोरगी द्यायला तयार न्हाई. म्हने आई कुठं हाय, तुमी कोन? मी म्हनलं मी फाट्यावरची मावशी, सगळा फाटा मला मावशी म्हनते. चार मानसायनं साक्ष देली तवा उतरवली त्यानं."

पोरीनं मंग मागं पाह्यलं, तिचे पप्पा दारात उभे होते. मंग तिनं टेम्पो पाह्यला, मंग मला.

"मम्मी, तू टेम्पोत बसून आली?" तिनं बारीक आवाजात इचारलं. "त्याच्यात तं बसायचं नसते ना आपन?"

मावशीचा नवरा भट्टीत तोंड घालून बसला.

पोरीचे पप्पा बाकड्यावर बसले. मावशीनं त्याहिला चहा देला. त्याहिनं बशीत वतला, पन तोंडाला लावला न्हाई. मी पाह्यलं, तवा त्याहिनं ती खाली ठेवून देली. मंग जमिनीकडं पाहत म्हनले, "मी शनवारी गाडीच्या लई आधी जाऊन बसतो स्टँडवर. वाटते, या डाव धाडली नसंन तिनं. गाडी आली, आन पोरगी दिसली न्हाई, आसं डोळ्यासमोर येते. दर शनवारी येते."

मी म्हनलं, "मी तं दर डाव धाडते."

"ते हाय. पन येते."

ते गेले. टेम्पोतून आमाला गावापोस्तर सोडू का म्हनून इचारलं न्हाई, आन मी बी म्हनलं न्हाई. आमी ऑटोनं आलो.

घरी मायला सांगलं तं तिनं कपाळावर हात मारला, "झालं आता. खेळ बिळ बंद. पोरीच्या जातीला पळायचं काय काम पडलं?"

पोरीनं त्या रात्री भाकर खाल्ली न्हाई. दुसऱ्या दिशी शाळेतून आली, पिशवी काढून तिच्यातली पट्टी धुतली आन वाळत घातली. पट्टी वाळली तं पुन्ना धुतली. आठवडाभर आसंच करून राह्यली. मी पाहून राहिले. मला रोज वाटायचं आज म्हनीन, जाऊ नको. म्हननं सोपं होतं, माय बी खूश झाली आसती, मला बी झोप आली आसती. पन शनवारी दुपारी ती पिशवी घेऊन दारात येऊन उभी राह्यली, आन माह्या तोंडातून निंघलं, "थांब, मी बी येते."

गाडीत मी मास्तरला म्हनलं, दोन हिंगोली. बायांना अर्धं तिकीट आन लेकराला बी अर्धंच, पोरीला लई हासू आलं. मी तिचा हात हिंगोलीपोस्तर सोडला न्हाई.

ग्राउंड मी पहिल्यांदा पाह्यलं. पोरी एका लाइनीत बसलेल्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. माही पोरगी त्याहिच्या मधून पळून राह्यली होती. मागून एक लांब हाताची पोरगी आली, तिचा हात आता पाठीला लागनारच, आन माही एकदम वाकली, दोघीच्या मधून सरकली, पलीकडं. हात हवेतच राह्यला. मी इकडं पदर दाबून बसले, पाहवत बी न्हाई आन नजर बी हटंना. हे ती दर शनवारी करत होती, आन मी घरी बसून तिच्या चड्डीची माती धुवत होते.

पोरीचे पप्पा पलीकडच्या कडंला उभे होते, ग्राउंडला चक्कर मारून आले, माह्यापसून जरा लांब उभे राह्यले.

"उद्या?" त्याहिनं इचारलं. "यस्टीनं धाडू का कसं?"

कनेरगावचे ते दोन दिवस माह्या अंगातून गेले नव्हते, आजून गेले न्हाईत. मी त्याहिला तसं सांगलं बी. म्हनलं, "मला तुमच्या टेम्पोचं भेव वाटते. ते जानार न्हाई."

"मला ठाव हाय," ते म्हनले. "मी चुकलो तवा."

"उद्या टेम्पोतच आना. पन रिंग देऊ नका. फोन करा. कळमनुरी आली का करा, बाळापूर आलं का करा."

"बोलशीन?"

"बोलीन."

आता तसंच चालू हाय. ते कळमनुरीहून करतेत, बाळापुराहून करतेत, आन दोन्हीच्या मधी मी श्वास घेत न्हाई. पोरगी तिकडून वरडते, "आलो म्हना पप्पा, जिते हाव म्हना." एखाद्या ऐतवारी बाळापूरचा फोन यायला टाइम लागला, तं मी फाट्यावरून बाळापूरच्या रस्त्यानं पळत सुटते, मावशी मागून हाका मारते.

मागच्या आठवड्यात सरनं सांगलं, पोरीची टीममधी निवड झाली. खेळायला परभनीला जायचं, तीन दिवस, सरसंगं आन पोरीसंगं, आईबापाला येता येत न्हाई. दोघायची बी परवानगी पाहिजे म्हने.

काल त्याहिचा फोन आला. ना शनवार होता ना ऐतवार, तरी आला.

"सरनं सांगलं का?" ते म्हनले.

"सांगलं."

"मंग? धाडायचं का?"

"तुमी सांगा."

"तुह्याजवळ राहते ती. तू सांग."

"ग्राउंडवर तुमी नेता. तुमी सांगा."

त्याहिच्या मागं मोंढ्यातल्या हमालायचा आवाज येऊन राह्यला होता. इकडं पोरगी घरात आजीला इचारत होती, परभनीला थंडी जास्त आसते का. मंग ते हळूच म्हनले, "तीन दिवस म्हंजे लई होतेत."

"लई होतेत," मी म्हनलं.

आन आमी दोघं बी फोन कानाला धरून तसेच उभे राह्यलो, न्हाई म्हनायची हिंमत एकाची बी होईना, आन हव बी कोनी म्हनंना.